छंद-सल्ला : पेटीतलं हरिकेन आणि आपला ब्रश

प्रश्न : ताई, मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. लाइनमनची नोकरी संपली, आता शेती बघतो. शाळेत असताना नागपूरचे मामा दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे प्लास्टिकचे संच आणून द्यायचे. ते जोडायचो, रंगवायचो. पुढे सगळंच सुटलं. परवा घराचं काम काढलं तेव्हा जुन्या पेटीत १:७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं, एक न जोडलेलं हरिकेन लढाऊ विमान सापडलं. भाग शाबूत आहेत, डिकल (पाण्यात भिजवून विमानावर लावायच्या छापील खुणा) मात्र पिवळी पडलीत. जो तो एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारणारं यंत्र) आणि कॉम्प्रेसर घ्या म्हणतो. आमच्याकडे दिवसाच्या लाइनीचा भरवसा नाही, आणि एवढा खर्चही करवत नाही. नुसत्या ब्रशनं चांगलं काम होतं का? रंग कोणते घेऊ? जवळचं बघायला चष्मा लागतो. आठ वर्षांचा नातू सारखा मागे असतो, त्याला हात लावू द्यावा का?

उत्तर : भाऊ, ब्रशनं होतं आणि देखणं होतं. माझ्या कपाटातलं एकही विमान एअरब्रशनं रंगवलेलं नाही. मी शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना जे सांगत आले तेच तुम्हाला सांगते : रंग पातळ ठेवा आणि ओल्या रंगावर परत जाऊ नका.

एअरब्रशवाल्यांचं म्हणणं असं की छद्मरंगाच्या, म्हणजे विमान लपवण्यासाठी दिलेल्या रंगांच्या, दोन पट्ट्यांमधली सीमा फवाऱ्यानं मऊ येते, ब्रशनं ती कडक दिसते. जरा हिशोब करा. खऱ्या विमानावर त्या सीमेला अडीच सेंटिमीटरची धूसर कड असली, तर १:७२ वर ती ०.३५ मिलीमीटर होते, म्हणजे पेन्सिलीच्या बारीक रेघेएवढी. हरिकेनच्या पंखांचा पसारा १२.१९ मीटर, तुमच्या टेबलावर तो जेमतेम १७ सेंटिमीटर. एवढ्याशा विमानावर रुंद धूसर कडच खोटी दिसते. ब्रशची स्वच्छ कड खऱ्याच्या जास्त जवळ जाते.

आपल्याकडे खरी अडचण हवेची आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की पाण्यात विरघळणारा अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो. पंखाच्या टोकाला पोचेपर्यंत त्याचा चिकट दोर होतो आणि मागे खरवडल्यासारखे पट्टे राहतात. कूलरसमोर बसलात तर वाऱ्यासोबत धूळ आणि पाण्याचे शिंतोडे येतात. म्हणून उन्हाळ्यात पहाटे, कूलर सुरू व्हायच्या आधी रंगवा. दिवसा जोडणी आणि घासकाम करा, त्याला उकाड्याची बाधा नाही. ताटलीत ओलं फडकं घडी करून पसरा, त्यावर बटर पेपर ठेवा आणि रंग त्या कागदावर काढा, तासभर टिकतो. पावसाळ्यात उलटं होतं. टर्पेंटाइनमध्ये विरघळणारं इनॅमल दिवसचे दिवस चिकट राहतं आणि दमट हवेत मॅट (बिनचमकीच्या) वार्निशवर पांढुरकी झाक चढते. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. मात्र तेव्हा वेचणी चालू असते, कापसाचे तंतू घरभर उडतात आणि ओल्या रंगावर बसले की निघत नाहीत. रंगवून झालं की विमानावर डबा पालथा घाला.

आता कामाला लागू. सगळे भाग प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले असतानाच भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्याचं तेलकट द्रव्य राहिलं असेल तर रंग तिथून सोलून येतो. सांधे पॉलिश पेपरनं पाण्यात घासा, आधी ४०० नंबर, मग ८००, शेवटी १०००. हरिकेनच्या पाठीमागच्या भागावर लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या बारीक धारा दिसतील, त्या मात्र घासू नका. खऱ्या विमानात तिथे लाकडी पट्ट्यांवर कापड ताणून बसवलेलं होतं आणि त्या पट्ट्यांचा उठाव वरून दिसायचा. रंग झाल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं किंचित फिकट रंग त्या धारांवरून अलगद फिरवा, कापडाचा ताण डोळ्यांना दिसतो. मला या विमानात हीच जागा सगळ्यात आवडते.

रंगाआधी प्रायमरचा (पायाभूत रंगाचा) हात लावाच, राखाडी. गाड्यांच्या दुकानातला स्प्रे प्रायमर वापरणार असाल तर आधी रिकाम्या फ्रेमच्या तुकड्यावर मारून बघा. त्यातलं थिनर जहाल असलं तर प्लास्टिक चरचरतं. रंगासाठी मॉडेलकामाच्या अ‍ॅक्रिलिक बाटल्या मागवून घ्या, पार्सल तालुक्यापर्यंत येतंच. कॅनव्हासच्या ट्यूबमधले अ‍ॅक्रिलिकही चालतात, पण त्यांचा थर रबरासारखा बसतो, घासायला गेलं की गुंडाळी होऊन निघतो. जुन्या इनॅमलच्या डब्या सापडल्या तर फेकू नका. नीट बंद राहिलेलं इनॅमल वर्षानुवर्षं टिकतं, तळापर्यंत ढवळा आणि टर्पेंटाइननं पातळ करा. काम करताना खिडकी उघडी हवी.

रंग ताकाइतका पातळ करा. पंखांना साधारण पाच-सहा मिलीमीटर रुंदीचा चपटा, मऊ सिंथेटिक ब्रश घ्या, कडांना टोकदार दोन नंबर. नवशिके सगळीकडे तीन शून्यचा ब्रश चालवतात, तो रंग धरतच नाही. एक ओढ पुढून मागे, शेजारी दुसरी, आणि तिथून हात काढायचा. पहिला थर ठिगळांसारखा दिसेल, खालचा राखाडी डोकावेल. दिसू द्या. तो पूर्ण वाळल्यावर दुसरा थर आडवा, मग तिसरा. इनॅमल असेल तर मध्ये रात्र जाऊ द्या. अर्धवट वाळलेल्या थरावर ब्रश फिरला की खालचा रंग उपटतो आणि खळगा पडतो.

कोणत्या रंगात रंगवायचं हे ठरवण्याआधी पंखाची पुढची कड बघा. आठ बारीक भोकं असतील तर ते आठ मशीनगनांचं हरिकेन. त्याला वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून फिकट हिरवट ‘स्काय’ असा १९४० मधल्या ब्रिटनच्या लढाईतला वेश द्या. त्या वर्षी २४ भारतीय वैमानिक ब्रिटनला गेले. त्यांतले मोहिंदरसिंग पुज्जी पगडी बांधून हरिकेन उडवायचे. पंखांतून लांब नळ्या बाहेर आलेल्या असतील तर त्या २० मिलीमीटरच्या तोफा, म्हणजे ते हरिकेनचं ‘दोन-सी’ हे रूप. तसं निघालं तर माझा आग्रह इंफाळचा. १९४४ मध्ये जपान्यांनी इंफाळला वेढा घातला तेव्हा आपल्या हवाई दलाची एक नंबरची स्क्वाड्रन तिथूनच उडत होती, टेहळणीसाठी हरिकेनवर, आणि तिचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर अर्जनसिंग. त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं ते तिथल्याच कामगिरीबद्दल. या विमानाला वरून तेच दोन रंग द्या, खाली ‘स्काय’ऐवजी मध्यम राखाडी.

इंफाळसाठी डब्यातली लाल ठिपक्याची गोल खूण चालणार नाही. जपानी विमानांवर लाल सूर्य असायचा, घोटाळ्यात आपल्याच माणसांनी आपलं विमान पाडू नये म्हणून या आघाडीवर लाल रंग काढूनच टाकला होता. बाहेर गडद निळं कडं, आत फिकट निळं, एवढंच. हे रंगवताच येतं. कंपासमध्ये रूलिंग पेन (दोन पात्यांमध्ये रंग धरणारं रेघा आखायचं पेन) लावा, पातळ रंग भरा, आधी फिकट निळं वर्तुळ, ते वाळलं की त्याभोवती गडद कडं. कंपासचं टोक पंखाला भोक पाडेल, म्हणून मध्यावर टेपचा लहान तुकडा चिकटवून त्यावर टोक ठेवा.

रंग मिसळताना प्रत्येकात थोडा पांढरा घाला. छोट्या वस्तूवर गडद रंग आणखी काळा वाटतो. आधी फिकट रंग सगळीकडे, मग मऊ पेन्सिलीनं सीमा आखून त्यावर गडद हिरवा.

पिवळी डिकल पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. विदर्भाच्या उन्हात पिवळेपणा उतरतो. जुनी डिकल पाण्यात तुकडे-तुकडे होतात, म्हणून आधी वरून चमकदार वार्निशचा एक हात द्या आणि एखादं बिनकामाचं डिकल भिजवून बघा. विमानावरही डिकलच्या जागी चमकदार वार्निश हवंच. खरबरीत मॅट रंगावर लावलं तर खाली हवा अडकते आणि कडेनं चांदीसारखी चकाकी दिसते. सगळं झालं की शेवटी मॅट वार्निश.

कॉकपिटवरची काच फेविक्विकनं लावू नका, वाफेनं ती आतून धुरकट होते. फेविकॉल लावा, वाळला की पारदर्शक होतो. काचेच्या चौकटीवर रंग बाहेर गेला तर ओला असतानाच टूथपिकनं खरवडा. नजरेसाठी घड्याळजी वापरतात तसं भिंग चष्म्यावर लावून बघा, आणि दोन्ही मनगटं टेबलाला टेकवून मगच ब्रश उचला.

नातवाला जरूर बसवा. धुण्याचं काम, प्रोपेलर आणि चाकं रंगवणं त्याच्याकडे द्या, पण फक्त पाण्यात विरघळणाऱ्या रंगानं. ब्लेड, थिनर, टर्पेंटाइन आणि फेविक्विक तुमच्याच हाताशी. फ्रेमचे रिकामे तुकडेही त्याला द्या, त्यावर तीन पातळ थर नीट बसवता आले की त्याला विमानाचं पोट रंगवायला द्या. ती बाजू खाली राहते, आणि इंफाळचं विमान असेल तर मध्यम राखाडी रंग चुका फारशा दाखवत नाही.