मुलीची फी माफ, तरी कॉलेज पैसे मागतंय. सरकारनं फी भरावी का?

हो, भरावी. पण तुमच्या प्रश्नात खरी मेख दुसरीकडे आहे: सरकार कोणती फी भरतं आणि कधी भरतं.

महाराष्ट्र सरकारच्या जुलै 2024 च्या शासन निर्णयानं 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ झालं. आधी ते 50 टक्केच होतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं.

विकास शुल्क, वसतिगृह, मेस या माफीत येत नाहीत. समजा कॉलेजची मंजूर फी 1,00,000 आहे आणि त्यात 12,000 विकास शुल्क. ते 12,000 तुम्हालाच भरावे लागतील. म्हणून कॉलेज पैसे मागतंय म्हटल्यावर आधी फीचं विभाजन लेखी घ्या आणि शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. शिक्षण शुल्कच मागत असतील तर शासन निर्णयाची प्रत जोडून प्राचार्यांना अर्ज द्या, पोच घ्या.

प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतला, की माफी गेली. खाजगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठांनाही ही योजना लागू नाही. दलालाच्या सांगण्यावरून सीट 'पक्की' करणारे पालक इथेच फसतात, आणि चार वर्षांची फी अंगावर येते.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र निकालाआधीच काढून ठेवा, नंतर सेतूवर रांगा लागतात. ओबीसी असाल तर नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही. माफीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा असतो आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वर्षी भरला म्हणून पुढं आपोआप चालत नाही. अर्ज परत आला तर त्रुटी दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवा. मुलीची दोन बँक खाती असतील तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यातच पैसे जातात. ते खातं बंद पडलेलं असलं तर मंजूर झालेली रक्कमही अडकते. बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते आत्ताच विचारा.

माझं स्पष्ट मत: माफी जाहीर करणं पुरेसं नाही. सरकारकडून रक्कम उशिरा आली की छोटी कॉलेजं प्राध्यापकांचे पगार थकवतात आणि पालकांकडून 'तात्पुरते' पैसे घेतात. तसे भरावेच लागले तर पावतीवर 'शिक्षण शुल्क' असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'फी' लिहिलेल्या पावतीवर परतावा मागणं फार अवघड जातं.