‘दात कशाने घासता?’ : नव्या पेशंटच्या तपासणीबद्दल एक पत्र

प्रिय,

सोमवारपासून दातांच्या ओपीडीत तुझी क्लिनिकल पोस्टिंग सुरू होतेय. पहिल्याच आठवड्यात नव्या पेशंटचे केस पेपर हातात येतील. स्केलर, म्हणजे दातांवरचं कडक कीटण खरवडायचं हत्यार, कसा धरायचा ते तुला शिकवतीलच. चार्ट भरणं, म्हणजे एकेका दाताची आणि हिरडीची नोंद करणं, मात्र ‘बघून बघून येतं’ असं म्हणतात. बघून बघून सवयी येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या असतात. म्हणून हे लांबलचक पत्र.

पेशंट बसला की लगेच खुर्ची आडवी करू नकोस. समोरासमोर बसून बोलायचं ते आधी बोलून घे. ‘काही आजार आहे का?’ असं विचारलंस तर ‘काही नाही’ असंच उत्तर येणार. गोळीमुळे बीपी ताब्यात आहे, मग आजार कसला, असा हिशेब असतो. त्याऐवजी ‘रोज कुठल्या गोळ्या घेता? पाकीट असेल तर दाखवा’ असं विचार. बीपीची ॲम्लोडिपिन, फिट्सवरची फेनिटॉइन, किडनी बदलल्यावर देतात ती सायक्लोस्पोरिन, या तिन्हींनी हिरड्या फुगू शकतात. हे आधी कळलं नाही तर पुढचं सगळं मोजमाप चुकीचं वाचलं जातं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ठळक लिही, पण ‘बंद करा’ असं आपण कधीच सांगायचं नाही. मधुमेह असेल तर शेवटची एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) किती आणि कधीची ते लिही, आणि सकाळचं खाणं झालंय का तेही विचार. इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी ओपीडीच्या रांगेत उभं राहिलेलं माणूस खुर्चीत गळून जाऊ शकतं. बीपी स्वतः मोज. १८०/११० किंवा त्यावर असेल तर हातातलं ठेवून डॉक्टरांना बोलाव.

हृदयाची झडप बदललेली असेल, तर प्रोबसुद्धा (हिरडी आणि दात यांच्यामधली खोली मोजायची खुणांची बारीक सळई) लावायच्या आधी थांब. ‘फक्त तपासणीच तर आहे’ हा समज घातक आहे. प्रोब हिरडीखाली जातो, रक्त येतं, जंतू रक्तात जातात. आधी अँटिबायोटिक द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील.

आता तंबाखू. ‘व्यसन आहे का?’ असं विचारू नकोस. वर्षानुवर्षं मशेरी लावणारी बाई अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, कारण तिच्या लेखी मशेरी हे व्यसन नाहीच, ते दात घासणं आहे. म्हणून विचार, ‘दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा? लावून किती वेळ बसता?’ मशेरी, राखुंडी, कोळसा, मीठ सगळं आपोआप बाहेर येतं. तंबाखू-चुना, गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा यांबद्दल ‘खाता का’ म्हणण्यापेक्षा ‘दिवसाला किती होतात, कुठल्या बाजूला धरता’ असं सहज विचार. बाजू महत्त्वाची. नंतर तोंडात तीच जागा आधी बघायची असते.

तोंडात शिरताना दात सर्वांत शेवटी. कवळी असेल तर काढायला लाव. तोंड किती उघडतं ते वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांच्या कडांमध्ये पट्टी धरून मिलिमीटरमध्ये लिही. ३५च्या खाली आलं आणि सुपारी-गुटख्याचा इतिहास असेल, तर गालाची आतली बाजू बोटाने चाचपून बघ, कडक पट्टे लागतात का. जिभेचं टोक गॉझमध्ये धरून दोन्ही कडा मागपर्यंत बघ, मग जिभेखाली, मग टाळू. पांढरा चट्टा दिसला तर गॉझने पूस. निघाला नाही तर जागा, लांबी-रुंदी मिमीमध्ये, पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत, एवढं लिही. ‘ल्युकोप्लेकिया’ (पुसून न निघणाऱ्या, पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याचं नाव) लिहू नकोस. ते निदान झालं, आणि निदान डॉक्टरांचं. दोन आठवडे उलटूनही न भरलेली जखम पुढच्या व्हिजिटवर टाकू नकोस. डॉक्टरांना त्याच दिवशी, त्याच खुर्चीशी बोलाव.

मग दात मोजायचे. हे पोरखेळ वाटतं, पण चार्टची मोठी चूक इथेच होते. खालची पहिली दाढ लहानपणीच काढलेली असते, दुसरी पुढे सरकून तिच्या जागी येते, आणि आपण ३७ला, म्हणजे दुसरीला, ३६ म्हणजे पहिली म्हणून बसतो. मग एक्स-रे एका दाताचा आणि नोंद दुसऱ्याची. नुसती जागा बघून ठरवू नकोस, दाढेचं रूप बघ. खालच्या पहिल्या दाढेला सहसा पाच उंचवटे असतात, त्यांतले तीन गालाच्या बाजूला, आणि त्या बाजूवर दोन खाचा. दुसरीला चार उंचवटे आणि माथ्यावर अधिक चिन्हासारखी खाच. शिवाय दाढ पुढे कललेली आहे का तेही बघ. सरकलेली दाढ सहसा कलतेच.

आकडा उच्चारताना ‘सोळा’ नको, ‘एक-सहा’ म्हण. आपल्या पद्धतीत पहिला अंक जबड्याच्या चतुर्थांशाचा आणि दुसरा दाताचा, म्हणजे एक-सहा ही वरची उजवी पहिली दाढ. सॉफ्टवेअरला अमेरिकन पद्धत लावलेली असेल तर १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ! आणि चार्टची डावी बाजू ही पेशंटची उजवी, हे पहिले पंधरा दिवस मनात घोकत राहा. कीड बघायची तर आधी हवेने दात कोरडा कर. ओल्या दातावर सुरुवातीचा पांढरा डाग दिसत नाही. एक्सप्लोरर (कीड चाचपायचं टोकदार हत्यार) खाचेत जोराने रोवू नकोस, ठिसूळ झालेलं इनॅमल त्यानेच मोडतं.

हिरडीचा रंग, सूज आणि आकार, प्लाक (दातांवरचा जंतूंचा चिकट थर) दाखवणारा रंग लावण्याआधी लिही. एकदा तोंड गुलाबी झालं की हिरडी लाल होती की नाही ते कळायला मार्ग नाही.

आता प्रोब. हातात कुठला आहे ते आधी बघ. विल्यम्स प्रोबवर ४ आणि ६ मिमीच्या रेघा नसतात, तिथे अंदाज करावा लागतो; यूएनसी-१५ प्रोबवर प्रत्येक मिलिमीटरला रेघ असते. जोर २० ते २५ ग्रॅम. म्हणजे किती, ते घरी डिजिटल वजनकाट्यावर टोक टेकवून बघ. वीस-पंचवीस वेळा केलंस की बोटांना कळायला लागतं. दाताच्या अक्षाला समांतर धर, आणि उचलून ठिकठिकाणी टोचण्यापेक्षा हिरडीच्या आतच मिलिमीटरभराच्या पावलांनी चालव. प्रत्येक दाताच्या सहा जागा : गालाकडून तीन, जिभेकडून तीन. दोन दातांच्या मध्ये पोचताना प्रोब शेजारच्या दाताला टेकव आणि टोक किंचित आत कलव. सरळच ठेवलास तर फटीच्या मधोमध जी खोली असते ती हुकते, आणि पॉकेट (हिरडी दातापासून सुटून झालेली खोल फट) बहुतेक तिथेच असतं. हिरडीची कडा दोन रेघांच्या मध्ये आली तर मोठा आकडा लिही.

प्रोब दोन प्रकारे फसवतो. हिरडीखाली कीटणाचा कंगोरा असेल तर टोक त्यावर अडकतं आणि ७ मिमीचं पॉकेट ३ वाटतं. अडकल्यासारखं खरखरीत लागलं तर थोडं बाहेरून वळसा घालून खाली जा. उलट हिरडी फार सुजलेली असेल तर टोक तळ भेदून पुढे जातं आणि आकडा फुगतो. म्हणून कीटण खूप असलेल्या पेशंटच्या चार्टवर तसा शेरा लिही, आणि स्केलिंगनंतर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा मोज.

नुसत्या पॉकेटच्या आकड्यावर भुलू नकोस. पॉकेट २ मिमी, पण हिरडी दाताच्या मानेपासून (इनॅमल संपून मूळ सुरू होतं तिथून) ३ मिमी मुळाकडे सरकलेली. म्हणजे दाताला धरून ठेवणारा आधार गेला ५ मिमी. दुसऱ्या दाताला पॉकेट ५, पण हिरडी फुगून मानेच्या ३ मिमी वर चढलेली. आधार गेला फक्त २. चार्टवर दुसरा दात वाईट दिसतो, खरा आजारी पहिला. पॉकेट आणि हिरडीची कडा, दोन्ही रकाने भरलेस तरच हे कळतं. हिरडीच्या आजाराच्या २०१७च्या वर्गीकरणात स्टेज (आजार किती पुढे गेलाय ते) ठरते ती दोन दातांच्या मधल्या बाजूला गेलेल्या आधारावरून, आणि तिथे ५ मिमीपासून तिसरी स्टेज सुरू होते.

प्रोब काढल्यावर लगेच पुढे पळू नकोस, रक्त उमटायला काही सेकंद लागतात. तीन-चार दात मोजून झाले की मागे वळून बघ. २८ दात म्हणजे १६८ जागा. ४२ जागी रक्त आलं तर २५ टक्के. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा आकडा कमी आला म्हणून खूश होऊ नकोस. त्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, आजार तेवढाच असतो. दिवसाला किती ओढतो ते शेजारीच लिही.

हलणारा दात बोटाने हलवून बघायचा नाही, बोट मऊ असतं. दोन इन्स्ट्रुमेंट्सच्या दांड्यांमध्ये धरून हलव. दाढेच्या मुळांमधल्या फटीसाठी वाकडा नेबर्स प्रोब घे. वरच्या दाढेची पुढची फट टाळूच्या बाजूने शोधायची. गालाकडून सहसा सापडत नाही.

एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि क्रम ठरलेला हवा. गालाकडून सुरू केलं तर शेवटपर्यंत गालाकडून. लिहिणाऱ्याने आकडा परत उच्चारायचा. चूक झाली तर एकच आडवी रेघ, वर बरोबर आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर नको, गिरवणं नको.

गर्दीच्या ओपीडीत सगळ्यांचे १६८ आकडे होणार नाहीत. तेव्हा गोल टोकाचा डब्ल्यूएचओ प्रोब घेऊन तोंडाचे सहा भाग कर आणि प्रत्येक भागातली सर्वांत वाईट अवस्था दाखवणारा एकच कोड लिही. प्रोबवरचा काळा पट्टा अर्धवट दिसला तर ३, पूर्ण आत गेला तर ४. ४ आला की त्या पेशंटला पूर्ण चार्टिंगसाठी वेगळी वेळ दे.

आणि जे बघता आलं नाही तिथे शून्य किंवा रेघ नको. तोंड २२ मिमीच उघडतंय, मागची दाढ दुखतेय, प्रोब लावू देत नाही. तर त्या चौकटीत ‘मोजलं नाही, तोंड २२ मिमी, वेदना’ एवढं लिही. सहा महिन्यांनी तो कागद कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही.

तुझी,
क्लिनिकमधली ताई