अमेरिकेचा इतिहास शिकून पोट भरेल का?

प्रश्न : मुलगा टीवायबीएला आहे, विषय इतिहास. एरिक फोनर या इतिहासकाराची पुस्तकं वाचल्यापासून अमेरिकेचाच इतिहास करायचा आणि एमए तिकडेच, असा हट्ट धरून बसलाय. त्याचे वडील म्हणतात, शेत गहाण टाकून असलं शिकण्यापेक्षा स्पर्धा परीक्षा दे. आम्ही काय करावं? — एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, शेताला हात लावू नका. अमेरिकेत इतिहासाच्या एमएला सहसा पदरचेच पैसे घालावे लागतात. पीएच.डी.ला मात्र तिथली चांगली विद्यापीठं फी माफ करून वर राहण्याखाण्यापुरता भत्ता देतात. तेव्हा एमए इथेच होऊ द्या, अर्ज पीएच.डी.चा करू द्या. जागा मोजक्याच असतात आणि अलीकडे त्या आणखी कमी झाल्यात, हेही त्याच्या कानावर घाला.

राहता राहिली आवड. पोरगं वाचतंय ते काही उथळ नाही. फोनर कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. गुलामगिरी संपली, पण मोकळ्या झालेल्या माणसांना जमीन, मजुरी, मत मिळालं का, हा त्यांच्या 1988 च्या ‘रिकन्स्ट्रक्शन’ या पुस्तकाचा विषय, काळ 1863 ते 1877, म्हणजे अमेरिकेचं यादवी युद्ध आणि त्यानंतरची पुनर्उभारणी. त्याच कोलंबियात पूर्वी इतिहासकार विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य, कृष्णवर्णीयांना मताधिकार दिला हीच चूक झाली, असं मांडत. डू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंताने 1935 मध्येच त्याला सणसणीत उत्तर दिलं होतं, पण विद्यापीठांतल्या बहुतेकांनी ते कानाआड केलं. फोनर यांनी मोकळ्या झालेल्या माणसांनाच त्या काळाचे कर्ते म्हणून उभं केलं.

आता चिरंजीवांना एक काम द्या. 1865 मध्ये जॉर्डन अँडरसन या मुक्त झालेल्या गुलामाने ओहायोतल्या डेटनहून आपल्या जुन्या मालकाला पत्र धाडलं. मालक म्हणत होता, परत ये कामाला. याने उलट हिशेबच मांडला : माझी 32 वर्षं, महिना 25 डॉलर; बायकोची 20 वर्षं, आठवड्याला 2 डॉलर; एकूण 11,680. तेवढी थकबाकी पाठवा, मग बघू. पत्र तेव्हाच वर्तमानपत्रात छापून आलं होतं आणि आज इंटरनेटवर फुकट वाचता येतं. ते वाचून पुढचे प्रश्न त्याने स्वतः काढावेत : हे लिहून कुणी घेतलं, छापलं कुणी, का छापलं? उत्तरं शोधून पाच-सहा पानं लिहावीत. त्यात रात्र कशी गेली कळलं नाही, तर गडी संशोधक आहे. कंटाळला, तर तो चांगला वाचक आहे. त्याने कायदा किंवा पत्रकारिता बघावी. फोनर वाचलेल्याला घटनेच्या अभ्यासात अमेरिकेच्या घटनेची चौदावी दुरुस्ती (नागरिकत्व आणि कायद्यापुढे समानता देणारी) कुणी समजावून सांगावी लागणार नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आलेली दिसत नाही. अमेरिकन मुलांशी अमेरिकन कागदपत्रांवर स्पर्धा करून तो मागेच पडणार. पण जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ 1873 मध्ये, म्हणजे ऐन त्याच काळात, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. तिकडच्या घडामोडी तेव्हा पुण्या-मुंबईत कशा पोहोचत होत्या, इथली वर्तमानपत्रं काय छापत होती? पुढे 1946 मध्ये बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहिलं, ते कशासाठी? यावर काम करायचं तर मराठी वाचता यावं लागतं, आणि ते त्याला आयतं येतं. जुनं मराठी गद्य आणि मोडी शिकायला आजच लावा.

त्याच्या वडिलांना सांगा, यूपीएससीला इतिहास हा वैकल्पिक विषय आहे आणि त्यात अमेरिकेचं यादवी युद्धही येतं, म्हणजे वाचलेलं वाया जात नाही. एमए करतानाच नेट आणि सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा द्यायला लावा. नेटमधून जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर इथल्या पीएच.डी.चा खर्च घरावर येणार नाही, आणि इथे पीएच.डी.ला नाव नोंदवलेल्यांना काही महिने अमेरिकेत जाऊन संशोधन करण्यासाठी फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती आहे. प्राध्यापकाची कायम नोकरी मात्र लवकर लागेल असं मी म्हणणार नाही. सीएचबीवर, म्हणजे तासांवर पैसे मिळणाऱ्या तात्पुरत्या नोकरीवर, काही वर्षं काढायची तयारी ठेवा.

ती पाच-सहा पानं झाली की मला पाठवा, मराठीत असली तरी चालतील.