कोतवाल डोक्यावर झेपावतो म्हणून फांदी उतरवू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मागच्या आंब्यावर कोतवाल पक्ष्याचं घरटं, आई कपडे वाळत घालायला गेली की नर-मादी दोघंही तिच्या डोक्यावर झेपावतात, शेजारचे काका म्हणतात फांदी उतरवून मोकळे व्हा, आणि तुम्ही विचारताय की पालिकेला कळवावं का. आमच्याकडे हेच सगळं होऊन गेलंय. फक्त आंब्याऐवजी कडुलिंब होता आणि आईऐवजी सासूबाई.

उत्तर आधीच देऊन टाकते: कळवू नका. निदान मी कळवलं तसं तरी नकोच.

घरट्याची माहिती इथल्या लोकांनी दिलीच आहे, ती परत सांगत नाही. हिशोब तेवढा लक्षात ठेवा. अंडी उबायला साधारण 15 दिवस लागतात, पिल्लं उडायला त्यानंतर अडीच-तीन आठवडे. अंड्यांपेक्षा पिल्लांच्या वेळी आईबाप जास्त चवताळतात, त्यामुळे एवढ्या झेपा सुरू झाल्यात म्हणजे तुमच्याकडे बहुधा पिल्लं बाहेर आली आहेत. अर्धा काळ सरला असं समजा.

आता आमचं काय झालं ते. घर कॉर्नरला, कडुलिंबाची एक फांदी कुंपणाबाहेर रस्त्यावर गेलेली आणि तिच्याच टोकाला, बेचक्यात, बशीएवढं घरटं. मे संपत आला होता. पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू होती, गाडी आमच्या गल्लीत कधीही आली असती. म्हणून मी आपणहून वॉर्ड ऑफिसात अर्ज घेऊन गेले: या झाडावर पिल्लं आहेत, जूनअखेरपर्यंत छाटणी करू नये, ही विनंती. काउंटरवरच्या माणसाने अर्ज न वाचता कम्प्युटरवर चढवायला घेतला. तिथे तक्रारीचा प्रकार निवडावा लागतो. खड्डा, कचरा, दिवाबत्ती, मोकाट कुत्री, धोकादायक फांदी. पक्ष्यांसाठी रकानाच नाही. त्याने ‘धोकादायक फांदी’वर टिचकी मारली. मी म्हटलं, अहो, मला फांदी तोडायची नाहीये, तोडू नका म्हणून सांगायला आलेय. तो म्हणाला, “मॅडम, काहीतरी टाकावंच लागतं. खाली सविस्तर येतं ना तुमचं.”

खाली सविस्तर काहीच आलं नाही. त्याच आठवड्यात मी कामावर असताना शिडीची गाडी आली. मुकादमाच्या हातातल्या कागदावर आमचा पत्ता, माझं नाव आणि ‘धोकादायक फांदी’. सासूबाई आडव्या गेल्या तर त्यांना तोच कागद दाखवला, “आजी, तुमच्याच घरातून अर्ज आलाय.” माणूस खोटं बोलत नव्हता, त्याच्यावर माझा राग नाही. दुपारी मोबाईलवर मेसेज आला: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, कृपया अभिप्राय नोंदवा. अभिप्राय! जाब विचारायला गेले तर वॉर्ड ऑफिस म्हणालं उद्यान विभागाकडे जा, उद्यान विभाग म्हणाला तक्रार बंद झाली आहे, काही असेल तर नवीन टाका. नवीन कुठल्या प्रकारात टाकू विचारलं तर समोरच्या बाई हसल्या.

कोतवालाची पिल्लं गेली ती गेलीच. पण त्या फांदीबरोबर आणखी काय गेलं ते पुढच्या दोन दिवसांत कळलं, आणि हे पुरेसं कुणी सांगत नाही म्हणून इथे जरा लांबण लावते.

कोतवाल नुसता स्वतःचं घरटं राखत नाही. कावळा, शिक्रा, घार, टकाचोर, कुणीही त्याच्या हद्दीत शिरला की तो वरून सूर मारतो आणि पार हद्दीबाहेर घालवून येतो. घारीच्या पाठीवर चोची मारत जाणारा कोतवाल तुम्ही पाहिलाच असेल. त्याच्या या दराऱ्यामुळे हळद्या, बुलबुल, होले असे पक्षी मुद्दाम त्याच्या आसपास घरटी करतात. आमच्या त्याच कडुलिंबावर हळद्याचं घरटं होतं आणि खाली जास्वंदीत लालबुड्या बुलबुलाचं. कोतवालाची जोडी निघून गेली आणि दुसऱ्याच सकाळी भारद्वाज जास्वंदीत शिरला. आधी सासूबाई भारद्वाज दिसला की हात जोडायच्या, दिवस चांगला जातो म्हणून. त्या दिवशी मात्र तो लाल डोळ्यांचा, तांबड्या पंखांचा धटिंगण सावकाश एकेक फांदी चढत गेला. दोन्ही बुलबुल त्याच्यापासून हातभर अंतरावर, तुरा उभा, शेपटी पसरलेली, बुडाचा लाल डाग दिसतोय, आणि नुसता आरडाओरडा. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. हळद्याच्या घरट्याकडे त्यानंतर कावळ्यांनी मोर्चा वळवला.

तुमच्या आंब्याखाली, आजूबाजूच्या झुडपांत आणखी कुणाची घरटी आहेत का ते एकदा लांबून बघून घ्या. असतील तर काकांना तेच दाखवा. “पक्षी बिचारे” या भाषेत लोक ऐकत नाहीत, पण “तो एकटा कावळे हाकलतोय, तुमच्या पपया त्याच्यामुळे वाचतायत” म्हटलं की ऐकतात, हा माझा अनुभव.

आईचं काय करायचं? छत्री. बाकी उपाय मी सांगणारच नाही. झेप बहुतेक वेळा पाठीमागून येते, उघडी छत्री खांद्यावर असली की प्रश्न मिटतो. कपड्यांची दोरी महिनाभर पुढच्या अंगणात बांधता आली तर उत्तमच. काठी किंवा झाडू उगारू नका. शत्रू कोण हे पक्षी एकमेकांचं बघून शिकतात. एबरहार्ड क्यूरिओ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1978 साली ब्लॅकबर्ड पक्ष्यांवर प्रयोग केला होता. समोरचा पक्षी एका प्लास्टिकच्या बाटलीवर चिडलाय असं दिसेल अशी मांडणी केली, तर बघणारा पक्षीही त्या निरुपद्रवी बाटलीला शत्रू मानायला लागला. तुमच्याकडे तर झाडू घेतलेला माणूस आहे.

आणि तो कोतवालच आहे ना, एवढं बघा. शेपूट खोल दुभंगलेली, चोचीच्या कोपऱ्याशी बारीक पांढरा ठिपका. कावळे असतील तर प्रकरण थोडं वेगळं, ते माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात. अमेरिकेत सिअॅटलला जॉन मार्झलफ या पक्षीशास्त्रज्ञाने 2006 मध्ये मुखवटे घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर कित्येक वर्षं तोच मुखवटा दिसला की कावळे ओरडायचे. तो अमेरिकन कावळा, आपला गावकावळा नव्हे, पण आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याला विचाराल तर तो वेगळं काही सांगणार नाही.

आवाजांकडे लक्ष द्यायची सवय लावा, फार उपयोगी पडते. सगळे पक्षी एकाच ठिकाणाकडे तोंड करून कलकलाट करतायत म्हणजे मांजर, भारद्वाज, पिंगळा किंवा धामण, म्हणजे बसलेला किंवा सरपटणारा शत्रू. तो आवाज बाकीच्यांना गोळा करायलाच असतो. उलट एखादी बारीक, लांबट शीळ येऊन परस एकदम चिडीचूप झालं तर वर बघा, शिक्रा असणार. अशी शीळ नेमकी कुठून आली ते शिकाऱ्याला पटकन कळत नाही, हे पक्ष्यांच्या आवाजांचे अभ्यासक पीटर मार्लर यांनी 1955 सालीच मांडलं होतं. कलकलाट ऐकून मी दोनदा तरी मांजराला वेळेवर हाकललंय. धामण निघाली तर तिला जाऊ द्या, ती बिनविषारी आहे, उंदीर खाते. प्रत्येक वेळी सर्पमित्राला बोलावून तिला गावाबाहेर सोडायचा जो प्रकार चाललाय तो मला अजिबात पटत नाही. पण तो वेगळा विषय.

बाजारातलं प्लास्टिकचं घुबड आणू नका, पैसे वाया. घरट्याजवळ भात-पोळी टाकू नका, कावळ्यांना आमंत्रण. आणि कृपा करून घरट्यापुढची पानं छाटून फोटो काढू नका. ती पानं सावलीसाठी आणि लपण्यासाठी असतात. अशा फोटोंवर इथे दीडशे लाइक पडतात याचा मला मनापासून संताप येतो.

कायद्याचं म्हणाल तर मी वकील नाही, खात्री करून घ्या. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं येतं. काकांना सांगायला एवढं पुरतं. खरंच कुणी कुऱ्हाड घेऊन आलं तर वनविभागाचा 1926 हा नंबर आहे, तिथे बोला.

तुमच्या पोस्टमध्ये “कळवावं का” असं आहे, पण काकांनी परस्पर कळवलं असेल तर? आजच विचारून घ्या. अर्ज गेला असेल तर तक्रार क्रमांक घेऊन स्वतः जा, ती मागे घेतल्याचं लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासकट पोच घ्या. ती पोच आईकडे ठेवा, तुमच्या पाकिटात नको. गाडी येते तेव्हा घरात त्याच असणार. आणि घरटं कुंपणाच्या आत आहे की रस्त्याच्या बाजूला, ते इथे लिहा, मग पुढचं सांगते.