योजनेतलं ऑपरेशन आणि रॉडचे वेगळे पैसे: पॅकेजच्या व्याख्येत काय येतं, ईएसआयमध्ये काय येतं

ताई,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सासूबाई (वय ६४) बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. रेशनकार्ड केशरी. हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे आणि ऑपरेशन योजनेत बसतं असं आरोग्यमित्राने (हॉस्पिटलमध्ये योजनेचं काम बघणाऱ्या मदतनीसाने) सांगितलंय. तरीही रॉडचे पैसे वेगळे मागितले, सीटी स्कॅन बाहेरच्या सेंटरमध्ये करायला लावला आणि फिजिओथेरपी योजनेत नाही म्हणाले. शिवाय तुमच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, तो सासूबाईंना चालेल का, हा शेवटचा प्रश्न.

आधी रॉडचं सांगतो, कारण ऑपरेशन तोंडावर आहे. पैसे देऊ नका.

या योजनेत आजार मंजूर होत नाही, पॅकेज मंजूर होतं, म्हणजे यादीतला एक ठरलेला उपचार ठरलेल्या दरात. हे पक्कं डोक्यात ठेवलंत की हॉस्पिटलमधली निम्मी वादावादी आपोआप सुटते. २०२३ च्या शासन निर्णयात १,३५६ उपचार यादीत होते, पुढे ही यादी वाढली, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. यादीतल्या प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो आणि त्या दरात काय काय धरलंय तेही ठरलेलं असतं: जनरल वॉर्डमधली खाट, नर्सिंग, सर्जन आणि भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटर, आयसीयू, रक्त, ऑक्सिजन, औषधं, तपासण्या, इम्प्लांट, पेशंटचं जेवण, इतकंच काय, घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंसुद्धा. हाडात बसवायचे रॉड, प्लेट, स्क्रू म्हणजेच इम्प्लांट. हॉस्पिटलला सरकारकडून मिळणाऱ्या रकमेतच त्याची किंमत आहे. पेशंटकडून पुन्हा घेतली तर एकाच वस्तूचे दोनदा पैसे झाले.

परळला युनियनच्या ऑफिसात बसून अशी प्रकरणं मी बरीच वर्षं बघतोय. मागणी कशी येते तेही ठरलेलं असतं. पॅडवरून फाडलेली छोटी चिठ्ठी, तिच्यावर सप्लायरचा मोबाइल नंबर आणि आकडा. हॉस्पिटलचं नाव नाही, सही नाही, शिक्का नाही. सोबत तोंडी एक वाक्य: ‘योजनेतला रॉड साधा असतो, इम्पोर्टेड टाकला तर आजी लवकर चालतील.’ घाबरलेला माणूस सोनं गहाण टाकतो आणि पैसे भरतो. मला याचा फार राग येतो, कारण ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठीच तर ही योजना काढली आहे.

डॉक्टरांशी भांडू नका, सासूबाई त्यांच्याच हातात आहेत. आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा, मंजूर झालेल्या पॅकेजचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या आणि विचारा, ‘यात इम्प्लांट धरलंय ना?’ मग हॉस्पिटलला शांतपणे सांगा की रॉडचे पैसे लागतात असं लेटरहेडवर लिहून द्या. लेखी मागितलं की बहुतेक वेळा मागणी तिथेच मावळते. नाही मावळली तर योजनेच्या हेल्पलाइनवर, १५५३८८ वर, तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या आणि त्या चिठ्ठीचा फोटो जपून ठेवा. ‘स्वखुशीने वरच्या दर्जाचं इम्प्लांट घेत आहे’ किंवा ‘योजनेचा लाभ नको’ अशा मजकुरावर कुणीही सही करू नका. घाईत दहा कागद पुढे सरकवतात, त्यातच तो असतो. दीर तिथे असतात ना, त्यांनाही आजच बजावून ठेवा.

सीटी स्कॅनचं उत्तर तारखेवर आणि वेळेवर आहे. भरती झाल्यावर हॉस्पिटलने बाहेर पाठवलं असेल तर तपासणी पॅकेजमध्येच आहे, खर्च हॉस्पिटलचा. भरतीपत्रावरची वेळ आणि सेंटरच्या बिलावरची वेळ शेजारी ठेवून दाखवा. पण पडल्या पडल्या तुम्हीच घराजवळ एक्सरे काढला असेल तर ते पैसे गेले. योजना कॅशलेस आहे, बाहेरच्या पावत्यांची भरपाई करत नाही. ओपीडी आणि नुसत्या निदानासाठीच्या तपासण्या तिच्या कक्षेबाहेर आहेत.

फिजिओचं त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ऑपरेशननंतर वॉर्डात उठवून बसवतात, वॉकर धरून चालवतात, तो उपचाराचाच भाग, त्याचे वेगळे पैसे नाहीत. डिस्चार्जनंतरची औषधं आणि फेरतपासणी राज्याच्या मूळ योजनेत १० दिवसांपर्यंत धरली होती, केंद्राच्या आयुष्मान भारतमध्ये १५ दिवसांपर्यंत. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट मात्र कुठल्याच व्याख्येत नाही. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांत फिजिओथेरपीची ओपीडी आहे, तिथे केसपेपर काढा.

आता ईएसआय. याची बांधणीच वेगळी आहे. १९४८ च्या कायद्यापासूनच वैद्यकीय लाभाला पॅकेजची यादी नाही, रकमेची मर्यादा नाही. प्रकृतीला उपचारांची गरज असेल तर ओपीडी, घरी भेट किंवा भरती, हे सगळं ‘वैद्यकीय लाभ’. म्हणजे फुले योजना जिथे थांबते, त्या रोजच्या गोळ्या आणि महिनोन्‌महिन्यांची फेरतपासणी इथे हक्काने मिळते. पगार १८,००० असेल तर तुमचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये कापले जातात आणि कंपनी ३.२५ टक्के म्हणजे ५८५ भरते. इतक्या पैशांत घराला एवढं मोठं छत्र दुसरीकडे कुठे मिळत नाही, तरी कांदिवली, मुलुंड, वरळीच्या ईएसआय हॉस्पिटलचं नाव काढलं की आपले लोक नाक मुरडतात. गर्दी असते, खेटे पडतात, मान्य. पण हक्क सोडू नका.

अडचण ‘कुटुंब’ या शब्दाच्या व्याख्येत होती. जुन्या कायद्यात अवलंबून असलेले आईवडील होते, नोकरदार सुनेचे सासूसासरे नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या व्याख्येत महिला कर्मचाऱ्याचे अवलंबून असलेले सासूसासरे स्पष्ट लिहिले आहेत. अट एकच: त्यांचं सगळं मिळून उत्पन्न ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत हवं. सासूबाईंना पेन्शन असेल तर तीही धरली जाते.

तरी हे ऑपरेशन फुले योजनेतूनच होऊ द्या. ईएसआयमध्ये आधी ईएसआयच्याच दवाखान्यात किंवा हॉस्पिटलात जायचं आणि तिथून रेफर झालं तरच खाजगी हॉस्पिटल. खाजगीत परस्पर भरती होऊन नंतर बिल लावलं तर परतफेड ठराविक परिस्थितीतच मिळते. भरती झालेल्या पेशंटला आता हलवण्यात अर्थ नाही. पण कंपनीच्या एचआरला याच आठवड्यात सासूबाईंचं आधार आणि फोटो द्या, तुमच्या ईएसआय नोंदीत त्यांचं नाव घालायला लेखी सांगा आणि अर्जाची पोच घ्या. एचआरने ‘सासू चालत नाही’ म्हटलं तर संहितेतली ‘कुटुंबा’ची व्याख्या छापून पुढे ठेवा. तरीही अडलं तर लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर पंचदीप भवन, म्हणजे ईएसआयचं ऑफिस आहे, तिथे ती पोच घेऊन स्वतः जा.