पोरगी फुटबॉलच खेळणार म्हणते

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. जिल्ह्याच्या 17 वर्षांखालील संघात लेफ्ट विंगला खेळते. व्यावसायिक फुटबॉलपटूच होणार म्हणते. परदेशात ट्रायल लावून देतो म्हणून एकानं दीड लाख मागितलेत. तिची आत्या म्हणते, उन्हात काळी पडेल, लग्न कसं जमेल? खेळून पोट भरतं का?
– एक पालक, कामठी रोड, नागपूर

नमस्कार भाऊ,

दीड लाख देऊ नका. फिफाच्या नियमाप्रमाणे 18 वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबात नोंदणी मोजके अपवाद सोडले तर होतच नाही. मग ट्रायल कितीही चांगली झाली तरी करार कुठून होणार? भारताची फुटबॉलपटू मनीषा कल्याण 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलोन लेडीज क्लबकडे गेली, ती गोकुलम केरळ या आपल्या क्लबकडून नाव कमावल्यावर. भारताच्याच बाला देवीला 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबनं घेतलं तेव्हा ती तिशीला टेकली होती.

आता पोटाचं. इंडियन विमेन्स लीग ही देशातली महिला क्लबांची स्पर्धा 2016-17 च्या हंगामापासून चालू आहे, पण हंगाम काही महिन्यांचाच. लीगमधल्या क्लबांनी किमान दहा भारतीय मुलींना वर्षाला निदान 3 लाख 20 हजारांचा करार द्यावा, असं अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशननं 2023 मध्ये ठरवलं. म्हणजे महिन्याला सव्वीस-सत्तावीस हजार, आणि तेही खेळाची उमेद असेपर्यंत. म्हणून आपल्याकडे अनेक जणी खेळासोबत नोकरी धरतात : रेल्वे, पोलीस, सशस्त्र सीमा बल. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण त्या पदाची शैक्षणिक अट सुटत नाही आणि क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणीही होते. कोणत्याही गल्लीतल्या चषकाचं प्रमाणपत्र तिथं चालत नाही. तेव्हा पदवी हवीच, आणि स्पर्धा निवडून खेळायला हव्यात.

अकरावीला कोणती शाखा, हे मी सांगणार नाही. एवढंच बघा की नीटचे क्लास आणि संध्याकाळचा सराव एकाच वेळी येतात. दोन्ही धरायला गेलं की पोरगी दोन्हीकडून थकते. पुढं नागपूर विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येतात.

खरी कसोटी राज्य निवडीची. अठरापर्यंत ती महाराष्ट्राच्या ज्युनिअर संघात आली, तर राजमाता जिजाबाई करंडकाचं, म्हणजे वरिष्ठ महिला राष्ट्रीय स्पर्धेचं, स्वप्न धरायला हरकत नाही. नाहीच आली तर खेळ सोडायचं कारण नाही. कोचिंगचा डी लायसन्स आणि रेफ्रीची परीक्षा या वाटा आहेत.

गुडघ्याकडे मात्र आजपासून लक्ष द्या. एसीएल नावाचा गुडघ्यातला अस्थिबंध (लिगामेंट) मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतो, आणि मग सहसा आठ-दहा महिने तरी घरी. फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा वीस मिनिटांचा वॉर्मअप फुकट मिळतो, तो कोचकडून करून घ्या. हिमोग्लोबिन तपासा. मे महिन्यात सराव सकाळी सहालाच.

आत्याबाईंना सनस्क्रीन दाखवा. लग्नाचं मला विचारू नका.

या रविवारी क्लबच्या सचिवांना विचारा, फेडरेशनच्या सीआरएसवर, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीत, हिची नोंदणी झाली आहे का. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांत नाव किंवा तारीख जुळत नसेल, तर दहावीचा फॉर्म भरण्याआधीच दुरुस्त करून घ्या.