दगडावर कोणाची नावं

धुळे, १८ मार्च

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या फायर स्टेशनच्या आवारात कामात गेलेल्यांचा स्मृतिस्तंभ उभा राहतोय आणि नावांची यादी तुझ्या गळ्यात पडलीय, हे वाचून हसू आलं. ज्या कामात दोन घरं हमखास रुसणार, ते सगळ्यांत नव्या पोराकडेच येतं.

तू चार नावं पाठवून विचारलंस, यातली कोणती घेऊ. नावांवर मी काही बोलणार नाही. आधी नियम लिहून काढ आणि त्यावर साहेबांची सही घे. नावं समोर ठेवून नियम केला की तो कोणाच्या तरी मापाने शिवला जातो.

माझी चूक सांगतो. मीही एकदा अशी यादी केली होती. हजेरीपट उघडला आणि कायम माणसांची नावं उतरवली, झालं. एका कापसाच्या जिनिंग मिलच्या आगीत आमच्याबरोबर रोजंदारीवरचा एक गडी होता. कपाशीच्या गाठींची आग तुला आता कळली असेल. वरून पाणी मारलं की विझल्यासारखी दिसते, आत मात्र धुमसत राहते. गाठ ओढून फोडल्याशिवाय सुटका नाही. हा गडी तीन दिवस तोंडाला ओला रुमाल बांधून गाठी फोडत होता. वर्षभरात छातीच्या दुखण्याने गेला. हजेरीपटावर नव्हता, आगीतही मेला नव्हता. तेव्हा मला तेवढी कारणं पुरली. उद्घाटनाला त्याची बायको आली. लेकाकडून दगड वरपासून खालपर्यंत वाचून घेतला आणि चहा न घेता निघून गेली.

म्हणून पहिला नियम असा की पगार कोण देत होतं ते विचारायचं नाही. कायम, कंत्राटी, रोजंदारी, बंबाचा ड्रायव्हर, सगळे आले. घंटा वाजल्यापासून बंब परत येईपर्यंत जो गेला तो आपला, मग बंब वाटेत उलटला असला तरी. कोणी मास्क न लावता आत शिरला, साहेबांचं ऐकलं नाही, असंही तुला ऐकवतील. ते चौकशीच्या कागदात राहू दे.

अवघड आहे ते नंतर जाणाऱ्यांचं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र होता. आग विझवता विझवता स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक गेले. तिथे प्रश्नच नव्हता. पण २०१५ मध्ये काळबादेवीच्या इमारतीत चार अधिकारी गमावले, त्यातले दोघे जागीच गेले आणि दोघे काही दिवसांनी दवाखान्यात. चौघांत कोणी फरक केला का? मग काही दिवस चालतात, तर काही वर्षं का नाही? न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने ११ सप्टेंबर २००१ ला ३४३ माणसं गमावली. कोसळलेल्या मनोऱ्यांच्या धुळीच्या आजारांनी पुढे गेलेल्यांचा आकडाही २०२३ च्या सप्टेंबरात ३४३ वर पोचला. त्यांची नावं तिथे लावतात. अग्निशामकाच्या कामाने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही २०२२ मध्ये मान्य केलंय. भरपाईच्या कायद्याला मुदत लागते, तिथे पैसा असतो. दगडाला कशाला हवी?

पण निवृत्त झालेला प्रत्येक जण दगडावर गेला तर तीही थट्टाच. मी असं करीन: डॉक्टरांचा कागद असला तर उत्तम, नसला तर कॉल रजिस्टरमधली नोंद आणि त्या आगीत बरोबर असलेले दोन साक्षीदार. माझ्या त्या गड्याला डॉक्टरांचा कागद मिळाला नसता. साक्षीदार मात्र पाच होते, त्यातला एक मी.

गावकऱ्यांबद्दल विचारलंस. बंब पोचायला तास लागतो, तोवर कडब्याच्या गंजी विझवणारे शेजारीच असतात. त्यात कोणी गेला असेल तर दुसऱ्या बाजूला, ‘गावकरी’ असं लिहून त्याचं नाव घाल. कमिटी नको म्हणेल, तरी मांडून बघ.

हुद्दे लिहू नकोस, तारखेने लाव. हुद्द्याने लावलं की वरचं एकच नाव वाचलं जातं. नंदुरबारला १९४२ च्या गोळीबारात पाच पोरं गेली. शिरीषकुमारचं नाव आपल्याकडे शाळेतलं पोरगंही सांगतं, बाकीच्या चौघांची तू सांग बरं? आणि ‘शहीद’ की ‘हुतात्मा’ या वादात दोन बैठका घालवू नका. नाव, गाव आणि तारीख पुरे.

यादी पाथरवटाकडे जाण्याआधी घरोघरी जाऊन दाखव. नावातली एक वेलांटी चुकली तरी आई रडते. अक्षरं खोल कोरून घे, नुसता रंग आपल्या मे महिन्यात टिकत नाही. आणि खाली जागा सोड. लोक अभद्र म्हणतील, म्हणू देत.

१४ एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनी, पाहुणे येतील, पण बंबाची टाकी आदल्या रात्रीच भरून ठेव आणि गेटसमोर मंडप घालू देऊ नकोस. भाषण चालू असतानाच कॉल येतो.

तुझे,
तात्या